आप्पांच्या खुर्चीतला आवाज

भूपाल मगदूमांनी उभ्या आयुष्यात घरातल्या कुठल्याही खरेदीला नाही म्हटलं नव्हतं. फ्रीज असो, गादी असो, सुनेची स्कूटर असो, त्यांचं उत्तर ठरलेलं, "घ्या की." त्यामुळे साउंडबारचं नाव निघताच त्यांनी "अजिबात नको" म्हणून मान हलवली, तेव्हा त्यांच्या बायकोच्या, त्रिशलाबाईंच्या मनात पाल चुकचुकली. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याचा स्वभाव पाठ असतो. हा नकार वस्तूला नव्हता, तिच्यामागच्या कशाला तरी होता.

खरं म्हणजे साउंडबारची वेळ आली ती त्यांच्याच पायी. घरात भूपालना सगळे आप्पा म्हणत. आप्पांचं निम्मं आयुष्य इचलकरंजीत स्वतःच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये गेलं होतं. धोट्याच्या मागांची ती खडखड आता गावातून नाहीशी झाली होती. नवे माग गावाबाहेरच्या बंद कारखान्यांत, माणसांवाचून कापड विणत. पण त्या खडखडीत कान घालवून बसलेली पिढी अजून घरोघरी होती. शेडमध्ये आवाज चढवून उपयोग नसे. ओठ मोठे हलवायचे, बोटांनी खुणा करायच्या आणि समोरच्याने तोंडाकडे बघून समजून घ्यायचं. ती सवय शेडमधून घरात आली आणि बायकापोरांनाही लागली. मगदूमांच्या घरात कुणाशी बोलायचं तर त्याच्यासमोर जाऊन बोलायचं, हा रिवाजच होता. त्रिशलाबाईंना सून पसंत होती, पण पाठ फिरवून पुटपुटायची तिची खोड काही त्यांना आवडत नसे.

आप्पाही बहिरे. टीव्ही लावला की ते म्हणत, "वाढव आवाज, मला काय कळंना," आणि त्रिशलाबाई कपाळाला आठ्या घालून वाढवत. गल्लीच्या टोकापर्यंत मालिका ऐकू जाई. आजवर त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. आता मात्र आतल्या खोलीत पाळणा होता, पाळण्यात सात महिन्यांची चिनू होती, आणि मालिकेत कुणी दार आपटलं की ती दचकून उठत होती.

चिनूची आई अपूर्वा एक तारखेपासून कोल्हापूरच्या बँकेत परत रुजू होणार होती. मुलगा सम्मेद नोकरीला पुण्यात, येणार ते शनिवार-रविवार. तेव्हा चिनूला सांभाळायचं कुणी? अपूर्वाने बँकेजवळचं एक पाळणाघर बघून ठेवलं होतं. "मी धडधाकट असताना माझी नात परक्यांच्या पाळण्यात?" म्हणून त्रिशलाबाईंनी ते हाणून पाडलं. अपूर्वा कबूल झाली, पण तिनं दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. घर शांत हवं. आणि चिनूला आप्पांच्या भरवशावर टाकून आईंनी बाहेर जायचं नाही, कारण ती रडली तर त्यांना ऐकू यायचं नाही. त्रिशलाबाईंनी दोन्ही मान्य केलं. नात आपल्याजवळ राहणार, याहून मोठं सुख त्यांना त्या वयात दुसरं नव्हतं.

दुकान किणीकर नावाच्या एका हसऱ्या तरुणाचं होतं. त्यानं आधी एक लांबलचक बार आणि त्याच्याबरोबरचा स्टुलाएवढा सबवूफर दाखवला. तो लावला आणि दुकानाच्या काचा थरथरल्या. "हा घरातल्या सगळ्यांना सारखा ऐकू येतो," तो म्हणाला. "पाळण्यातल्या बाळालासुद्धा." मग त्यानं कपाटातून दुसरा संच काढला. बार लाटण्याहून थोडा लांब, सबवूफर लोणच्याच्या बरणीएवढा. नाव ‘कर्णिका’.

"एवढ्याशा यातनं काय आवाज येणार?" त्रिशलाबाईंनी विचारलं. स्वस्त आणि लहान वस्तू दाखवणारा दुकानदार त्यांना आधीच संशयास्पद वाटत असे.

किणीकरनं समजावून सांगितलं. हौदात दोन खडे टाकले की दोन्हीकडून लाटा येतात. जिथे उंचवट्यावर उंचवटा येतो तिथे पाणी उसळतं, जिथे उंचवटा खळग्यात पडतो तिथे ते सपाट राहतं. आवाजाचंही तसंच असतं. या बारमध्ये नखाएवढे कितीतरी स्पीकर होते आणि प्रत्येकाचा आवाज अगदी किंचित मागेपुढे सुटत असे, असा की लाटा एका खुर्चीवर एकवटाव्यात आणि शेजारी एकमेकींना खाऊन टाकाव्यात. खर्जातल्या आवाजाला मात्र असं शिस्तीत बांधता येत नाही. त्याची लाट खोलीएवढी लांब असते, ती भिंत ओलांडून पाळण्यापर्यंत जाते. म्हणून तो बरणीएवढा डबा दिवाणाखाली ठेवायचा. तो हवेऐवजी दिवाणाचं लाकूड हलवतो आणि ढोलाचा ठोका कानाऐवजी अंगाला कळतो.

"आणि खरी गंमत पुढंच आहे," किणीकर म्हणाला. "आपला कान नुसता ऐकत नाही काकू, तो स्वतः आवाज करतो."

कानाच्या आत शंखासारख्या नळीत केसांसारखे बारीक तंतू असलेल्या पेशी असतात. कानात एकाच वेळी दोन सूर सोडले, की निरोगी पेशी हलून स्वतःचा तिसरा सूर काढतात आणि तो कानातून बाहेर येतो, मुंगीच्या पावलाइतका हलका. पेशी मेल्या असतील तर कान मुका राहतो. इस्पितळात तान्ह्या बाळांचे कान याच रीतीने तपासतात, कानात छोटंसं बोंड घालून. कर्णिका तेच काम समोरच्या भिंतीवरून करत होती. पंखा बंद करायचा, मिनिटभर कुणी हलायचं नाही, की कुठल्या जागेवरच्या माणसाला कुठले सूर ऐकू येत नाहीत हे तिला कळे, आणि मग तेवढेच सूर ती त्या जागेवर वाढवून देई.

आप्पा पलीकडे मिक्सर बघत उभे होते. किणीकरची पाठ त्यांच्याकडे होती. तरीही तो थांबताच ते वळले आणि म्हणाले, "ते कान मोजायचं नको. तो पहिला मोठाच घ्या."

त्रिशलाबाईंनी चमकून बघितलं. "तुम्हाला कसं कळलं कान मोजतात म्हणून?"

"त्या खोक्यावर लिवलंय की," आप्पा म्हणाले.

खोक्यावर लिहिलं होतं खरं, मुंगीएवढ्या अक्षरात. आणि आप्पांचा चष्मा घरी देवघराच्या फळीवर होता.

संच आठवडाभर घरी लावून बघायचा आणि पटला तर ठेवायचा, असं ठरलं. किणीकर तो लावायला आला तेव्हा आप्पांनी त्याला जिन्याखाली नेलं. त्रिशलाबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होत्या. किणीकर भिंतीकडे तोंड करून काहीतरी बोलत होता आणि आप्पा रस्त्यावरच्या गाडीकडे बघत मान डोलवत होते. त्रिशलाबाईंच्या हातातला चमचा तसाच राहिला. मागवाला बहिरा माणूस बोलणाऱ्याच्या तोंडावरून नजर हलवत नाही. हलवली तर बोलण्याचा धागाच तुटतो.

मोजणी झाली. त्रिशलाबाई दिवाणावर, आप्पा त्यांच्या वेताच्या खुर्चीत. किणीकरनं बराच वेळ मोबाइलवर काहीतरी केलं आणि मग तो अपूर्वापुढे धरला. आई, उत्तम. आप्पा, उंच सूर जवळजवळ नाहीत.

"आई, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले दिसतायत," अपूर्वा समोर येऊन हसली. तिच्या चेहऱ्यावरची काळजी उतरलेली त्रिशलाबाईंना स्पष्ट दिसली आणि त्यांना स्वतःच्या कानांचा अभिमान वाटला.

संच गुणी निघाला. टीव्ही चालू असताना चिनू आत गाढ झोपे. त्रिशलाबाईंना तर नवलच वाटलं. परभाषेतल्या, मराठीत बोलवून घेतलेल्या मालिकांवर त्यांचा जुना राग होता. ओठ एकीकडे आणि बोलणं एकीकडे, अशानं माणसाला काय डोंबल कळणार, असं त्या म्हणत. आता त्याच मालिकेतलं अक्षर न् अक्षर कळत होतं. डबिंगवाल्यांना अखेर अक्कल आली, असा निकाल त्यांनी दिला.

पण आप्पांबद्दलचा संशय काही केल्या मनातून जाईना. एकेक गोष्ट आठवू लागली. चिनू उठली की त्रिशलाबाईंच्या आधी आप्पा पाळण्याशी पोचलेले असत. विचारलं तर म्हणत, "पाळण्याची दोरी हलताना दिसली." ओसरीत बसलेल्या माणसाला आतल्या खोलीतली दोरी कशी दिसते? बेल वाजली की हे उठणार. कुकरचा गॅस हे बंद करणार. त्रिशलाबाईंनी एकदा त्यांच्या मागे उभं राहून अगदी हळू म्हटलं, "पायाशी पाल आहे." आप्पा पेपर वाचत राहिले. पण पायाचा अंगठा आत ओढला गेला, तो त्यांनी पाहिला.

म्हणजे हा माणूस ऐकतो! त्या विचारानं त्यांच्या अंगाची लाही लाही झाली. त्यांची धाकटी बहीण सुलोचना जयसिंगपूरला असे. रोज दुपारी तिच्याशी व्हिडिओवर बोलायचं, कारण चेहरा दिसल्याशिवाय त्रिशलाबाईंना बोलल्यासारखं वाटत नसे. आणि बोलायचं काय, तर आप्पांविषयी. त्यांचं घोरणं, त्यांच्या भावाचा लोचटपणा, सांगलीच्या त्या मास्तरांचं स्थळ नाकारलं ही केवढी चूक झाली. आप्पा समोरच खुर्चीत बसलेले असत, बहिरे म्हणून. इतकी वर्षं हे सगळं ऐकत बसला असेल तर या माणसाइतका कपटी माणूस दुसरा नाही. आणि का? बायकोच्या पोटातलं काढून घ्यायला?

आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, आप्पा बाजारात गेल्यावर, त्यांना युक्ती सुचली. किणीकर म्हणाला होता, संच स्वस्तातला आहे, तो माणूस ओळखत नाही, जागा ओळखतो. मग आप्पांच्या खुर्चीत बसून बघायचं. खरंच बहिरे असतील तर तिथे आवाज कान फाटेल असा असणार. ढोंग असेल तर साधा.

त्यांनी टीव्ही लावला, दिवाणावर बसून मालिका सुरू झाल्याची खात्री केली आणि मग आप्पांच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

आवाज नव्हता. पडद्यावर सासू सुनेला काहीतरी सुनावत होती, तिचे ओठ हलत होते, आणि भिंतीपलीकडे कुणी बोलावं तशी नुसती गुणगुण येत होती. त्रिशलाबाईंनी मान इकडे केली, तिकडे केली. मग त्यांनी सुनेला हाक मारली, "अपूर्वा, हे बिघडलं बघ. आप्पांच्या जागेवर आवाजच येत नाही."

अपूर्वा आतून आली. खुर्चीच्या मागे वाकून, डोकं त्यांच्या डोक्याला लावून तिनं पडद्याकडे बघितलं. त्रिशलाबाईंना तिचा श्वास गालाला लागला. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "काय गं, आहे का आवाज?"

अपूर्वा काहीच बोलली नाही, असं त्यांना वाटलं. मग तिचा चेहरा समोर आला, गोंधळलेला. "आई, मी आत्ता दोनदा म्हटलं की. छान स्पष्ट येतोय आवाज. ती म्हणतेय, दागिने कुठे ठेवलेस."

त्रिशलाबाईंनी पुन्हा पडद्याकडे बघितलं. "मीही आपलं… बरं, असू दे," असं काहीतरी त्या म्हणाल्या. अपूर्वाचा फोन थरथरला आणि ती तो बघत भिंतीशी उभी राहिली.

त्याच वेळी आप्पा कोथिंबिरीची जुडी घेऊन दारात आले. आपल्या खुर्चीत बसलेली बायको, चालू टीव्ही आणि तिचा चेहरा, एवढ्यावरून त्यांना सगळं कळलं. ते उंबऱ्यातच थांबले आणि ओठ मोठे करून म्हणाले, "ऊठ तिथनं. मी सांगतो, संच बिघडलाय. आजच परत देऊया. तू काय बोलू नको."

त्रिशलाबाईंनी घाबरून अपूर्वाकडे बघितलं. तिनं फोनवरून मान वर केली नव्हती. आणि मग त्यांच्या लक्षात आलं. आप्पांनी आवाज काढलाच नव्हता. शेडमध्ये बोलायचे तसे नुसते ओठ हलवले होते, आणि त्यांना शब्द न् शब्द समजला होता. रोज असंच समजत होतं. नवऱ्याचं, बहिणीचं, बातम्या देणाऱ्या मुलीचं, सगळ्यांचंच. पाठ फिरवणारी सून पुटपुटत नव्हती आणि डबिंगवाले बिचारे निर्दोष होते.

"कधीपासनं?" त्यांनीही ओठांनीच विचारलं.

"चिमण्या गेल्या म्हणालीस तेव्हापासनं."

त्यांना आठवलं. खिडकीत उभं राहून त्या म्हणाल्या होत्या, गावात आता चिमण्या राहिल्या नाहीत, एक चिवचिव कानावर पडत नाही. आप्पा तेव्हा बाहेरच्या पेरूच्या झाडाकडे बघत राहिले होते. त्यानंतरच कधीतरी ते म्हणू लागले होते, "वाढव आवाज, मला काय कळंना." मागवाल्याला कानानं कमी येतं म्हटल्यावर गावात कोण चौकशी करणार? शेडमध्ये आप्पा कानात कापसाचे बोळे घालून काम करत, त्यावरून पोरं त्यांची टिंगल करत, हे सगळेच विसरले होते.

आणि आप्पांनी हे का केलं, तेही त्रिशलाबाईंना विचारावं लागलं नाही. त्रिशलाबाईंची आई शेवटची वर्षं बहिरी होती. तिला कुणी काही सांगेनासं झालं, मुलं तिच्यासमोर तिची नक्कल करत, आणि ती कोपऱ्यात बसून सगळ्यांकडे बघून हसे. माझी तशी गत होण्याआधी देवानं न्यावं, हे त्रिशलाबाई आप्पांना कितीदा म्हणाल्या होत्या. आप्पांनी ती गत स्वतःवर घेतली आणि बहिरे होऊन त्या खुर्चीत जाऊन बसले. आणि आपण त्यांना कपटी ठरवलं. त्रिशलाबाईंना स्वतःची भयंकर लाज वाटली.

आप्पा ओठ हलवतच खुर्चीसमोर आले होते. मोठाच बार घेऊ, मी आवाज वाढवायला सांगेन, शिव्या मला खाऊ दे.

त्रिशलाबाईंनी ऐकलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे चिनूचा चेहरा आला होता. गेल्या पंधरवड्यात एकदा, अपूर्वा बाहेर गेलेली असताना, आप्पा बाजारातून आले ते चप्पल न काढताच आत धावले आणि चिनूला घेऊन बाहेर आले. तिचा चेहरा लालबुंद, हुंदके थांबेनात. "आत्ताच उठली," आप्पा म्हणाले होते. त्रिशलाबाई तेव्हा शेजारच्या स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. पोर किती वेळ रडत होती?

"अपूर्वा," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "संच बिघडलेला नाही. कान माझे गेलेत. यांचे ठणठणीत आहेत."

अपूर्वानं मान वर केली. ती आता आप्पांच्या पाठीमागे होती. तिनं अगदी हळू हाक मारली असावी, कारण त्रिशलाबाईंना फक्त तिचे ओठ हलताना दिसले. आप्पांनी मागे न वळता म्हटलं, "हं."

"पण मोजलं तेव्हा तर…"

"नावं मी किणीकरला फिरवायला लावली," आप्पा म्हणाले. "त्या पोराला बोलू नको. म्हातारा पाया पडतोय म्हणून घाबरला तो."

अपूर्वा फोन बाजूला ठेवून दिवाणावर बसली. तिचा आवाज चढला असणार, मानेवरच्या शिरा दिसत होत्या. "आणि मी चिनूला इथं ठेवून रोज कोल्हापूरला जाणार होते. तुम्ही दोघांनी मला…"

"यांनी. मला आत्ता कळलं," त्रिशलाबाई म्हणाल्या. "पण कळल्यावर मी लपवलं नाही, एवढं लक्षात ठेव. पाळणाघराला फोन करायचा असेल तर कर. मी अडवणार नाही."

अपूर्वा फोनकडे बघत होती, पण तिनं तो उचलला नव्हता. न राहवून त्रिशलाबाईंनी आप्पांना विचारलं, "आणि सुलोचनाला मी रोज जे सांगत होते, ते?"

"मला कुठं ऐकू यायचं तवा," आप्पा म्हणाले.

त्यावर त्रिशलाबाईंचा काडीचा विश्वास बसला नाही. सांगलीचे मास्तर आठवून त्यांचे कान मात्र तापले. त्या आणखी काही विचारणार, तोच आप्पांची मान किंचित आतल्या खोलीकडे वळली. त्रिशलाबाई खुर्चीतून उठल्या आणि तडक आत गेल्या.

चिनू जागी झाली होती. अजून रडली नव्हती, नुसती पाय झाडत ओठ काढत होती. त्रिशलाबाईंनी तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि तिची पाठ थोपटत खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पेरूच्या झाडावर काय काय बसलंय ते त्यांनी आज नीट बघितलं.

अपूर्वा त्यांच्यामागून आत आली होती. दारातच तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. पाळण्याला वळसा घालून ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली, त्यांनी आपल्याकडे बघेपर्यंत थांबली.

"आई," ती म्हणाली, "एक तारखेपासून चिनूचं दूध किती कोमट करायचं ते दाखवते. आप्पांनाही बोलवा."